तुकडे माझ्यापाशी होते

वसंता,

परवा तुला सावडलं. कुंडलच्या ओढ्याकाठी, तुमच्या उसाच्या बांधापलीकडे. तुझ्या थोरल्या भावानं राखेवर दूध-पाणी शिंपडलं आणि आम्ही चौघे खाली बसलो. घरातून निघताना इंदूवहिनींनी मला पडवीत थांबवलं होतं. तीन दिवसांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "भावजी, राखेत त्यांच्या हातातली पट्टी सापडेल. ती तुम्हीच घ्यायची. कधीचं सांगून ठेवलंय त्यांनी."

सापडली. बोटभर रुंद, सहा भोकांची. चार स्क्रू तिला धरून होते, दोन राखेत वेगळे मिळाले. आगीनं काळीनिळी झालेली. भाऊ अस्थी वेचत होते, तोवर मी ती उपरण्यानं पुसली आणि सवयीनं उन्हाकडे धरली. तू शिकवलं होतंस तशी, कडेवर उजेड सरकत जाईल इतकी हळू फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड कुठेही अडला नाही. पट्टी अखंड होती. "आग बाकी समदं पुसती गड्या, तडा पुसत न्हाई." हे तूच म्हणायचास, आणि आता तुझ्याच राखेपाशी बसून मी ते खरं करून बघत होतो.

ती पट्टी आत्ता माझ्या टेबलावर आहे. तिच्याशेजारी माझ्या वडिलांची, आप्पांची, चष्म्याची जुनी पत्र्याची डबी आहे. त्या डबीत पोलादाचे दोन तुकडे आहेत. भीमरावच्या पायातले. तू दवाखान्यामागच्या उकिरड्यात दोन दिवस हातांनी उकरून शोधलेस, ते. ते तिथे कधीच नव्हते. माझ्यापाशी होते.

हे वाक्य तू असताना मला बोलता आलं नाही. सात वर्षं रोज तुझ्या शेजारच्या बाकावर काम केलं, किंवा काम संपल्यावर नुसता बसलो, तरी आलं नाही. आता लिहितोय.

तुझ्याविषयी लिहिणारे लिहितील. कुठं शिकलास, काय पदव्या मिळवल्यास, ते त्यांच्याकडून वाचायला मिळेल. मला आठवतोस तो आमच्या भांड्यांच्या दुकानात पायरीवर उभा असलेला. शाळेत आपण एका बाकावर होतो, पण मधली दहा वर्षं तू मुंबईला आणि मी सांगलीत तांब्या-परातींवर नावं घालण्यात. तू आप्पांना म्हणालास, "बाळगोंडाला दोन महिनं द्या मला. त्येच्यासारखी पॉलिश उभ्या मुंबईत कुणाला येत न्हाई." आप्पा म्हणाले, "ने. पण लग्नसराईला परत आणून सोड. नावं घालायला माणूस नाही माझ्याकडे." त्या दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. आप्पा जाईपर्यंत तुला विचारत राहिले, माझा मुलगा कधी सोडतोस म्हणून.

कॉलेजच्या मागे, मोडकी बाकं ठेवायच्या दोन खोल्या तुला मिळाल्या होत्या. त्यांवर तू 'जीव-अभियांत्रिकी' अशी पाटी लावलीस, तर आठवड्यात एक जण लंगडणारी म्हैस घेऊन दारात उभा. तू हसला नाहीस. म्हशीचा खूर उचलून बघितलास, खिळा काढून दिलास आणि मग त्याला बसवून घेऊन सांगितलंस की इथं माणसांसाठी काय करायचं चाललंय. मोडलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायची पोलादी पट्टी परदेशातून यायची. यायला महिने लागायचे. तोवर ऊसतोडीला जाणारा, फौजेतून रजेवर आलेला, गाडीवरून पडलेला माणूस वाकडा जुळून घरी जायचा. तुला ती पट्टी इथं, सांगलीत, आपल्या हातानं करायची होती.

त्या म्हसवाल्याला जे समजावलंस तेच मला समजावलंस, त्याच शब्दांत. माणसाचं अंग म्हणजे खारट पाणी. त्यात साधं लोखंड गंजतं आणि अंग नासतं. आपलं पोलाद टिकतं, कारण त्याच्यावर दुधावर येते तशी साय येते. डोळ्यांना न दिसणारी. पॉलिश करून पट्टी आम्लात बुडवून काढली की ती साय धरते. "त्या सायीला नख लावायचं न्हाई बाळ्या. एक ओरखडा आला तर पट्टी मोडीत टाकायची. आन खूण करायची ती फकस्त टोकाला, बारीक, आम्लाच्या आदी. मधल्या भागाला तर देवाचं नाव बी लावायचं न्हाई, समदा भार तिथंच येतो." शिलाई मशीनची मोटर लावून तू पट्टी वाकवणारं यंत्र केलं होतंस. कोमट मिठाच्या पाण्यात पट्टी दिवसरात्र वाकायची, सरळ व्हायची. टकटक, टकटक. ते थांबलं की आपण दोघंही दचकून बघायचो.

म्हणजे मला माहीत होतं. चूक अजाणता झाली असं मला म्हणता येत नाही.

भीमराव रहिमतपूरचा. एकाहत्तरच्या लढाईतून धडधाकट परत आला आणि रजेवर असताना भावकीतल्या लग्नात बैलगाडीचं चाक नडगीवरून गेलं. डॉक्टरांनी तुझ्याकडे पट्टी मागितली. पायासाठी दिलेली ती आपली पाचवी पट्टी. तू त्या दिवशी पुण्याला गेला होतास, म्हणून मी ती घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी उकळून घालणार होते. बाहेरच्या बाकावर त्याची आई बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं विचारलं म्हणून फडकं उलगडून पट्टी दाखवली.

तिनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाली, "एवढी चकचकीत वस्तू, आन नाव न्हाई घातलं? माझ्या घरातल्या पळीवर बी नाव हाय. कुणाची कुणाला लागली तर?"

मी तिला सांगायला हवं होतं की आम्ही घालत नाही. पण वसंता, मी भांड्याच्या दुकानातला माणूस. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात जाते तेव्हा तिच्यावर नाव असतं, हे मला चालता येण्याआधीपासून माहीत. आणि ती बाई अशी बघत होती की नावाशिवाय ती पट्टी तिच्या मुलाची होणारच नाही. दुकान दहा मिनिटांवर होतं. आप्पांच्या ऐरणीवर पट्टी ठेवली, बारीक छिन्नी घेतली आणि हाडाला टेकणाऱ्या बाजूला, मधोमध, नाव घातलं. भीमराव. चार अक्षरं. तांदळाएवढी. जन्मात एवढं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. परत येऊन तिला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं बोटानं चाचपून बघितलं आणि पट्टी कपाळाला लावली.

इतकंच असतं, तर मी तुला तेव्हाच सांगितलं असतं. तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि ते तिथंच मिटलं असतं. पण एवढंच नव्हतं.

त्या आधीच्या महिन्यात तुझा पहिला लेख छापून आला होता. तू मला तो वाचून दाखवलास, मराठीत समजावून. शेवटी आभार होते. प्राचार्यांचे, डॉक्टरांचे, मुंबईच्या गुरुजींचे. सगळ्यांत खाली 'आणि स्थानिक कारागिरांचे'. अनेकवचन होतं, वसंता. कारागीर एकच होता. मी म्हणालो, छान झालाय. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. मला वाटतं, तुझ्या ध्यानातही आलं नाही. तुझ्या लेखी मी आणि तू वेगळे नव्हतो, आपलेच आभार आपण कसे मानायचे. हे मला आज कळतं. त्या दिवशी नाही कळलं.

आप्पा प्रत्येक भांड्याच्या बुडाला आपली एक बारीक खूण करायचे. "भांडं मोडीत जाईपर्यंत कुणी बघत नाही," म्हणायचे, "पण आपल्याला माहीत असतं." मी भीमरावच्या नावाशेजारी माझी खूण केली. 'बा'. एकच अक्षर. त्या बाईनं ते मागितलं नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. आणि जागा अपुरी होती, म्हणून 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ मी छिन्नी जरा जास्त दाबून ओढली.

डॉक्टरांनी नाव पाहिलं की नाही, की पाहून तूच केलेली खूण समजले, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

आठव्या महिन्यात पट्टी मोडली. भीमराव काठी टाकून चालायला लागला होता. पलटणीत परत जायचं म्हणून पेटी भरून बसला होता. अंगणातून घरात येताना पायरीवर पाय ठेवला आणि बसला तो बसलाच. पुन्हा त्याच दवाखान्यात आणलं. तू डॉक्टरांशी आत बोलत होतास. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर खिडकीत एक ट्रे होता, धुवायला ठेवलेला. त्यात दोन तुकडे. मी जवळ जाऊन बघितलं. चारही अक्षरं एका तुकड्यावर शाबूत होती. तडा माझ्या 'बा'मधून गेला होता. त्या तिरक्या रेघेतून.

मी ते उचलले आणि खिशात घातले. कुणी बघितलं नाही. इतकं सोपं होतं ते.

मग तू बाहेर आलास आणि तुकडे मागितलेस. ज्या आयाबाईनं ट्रे ठेवला होता तिला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. ती शपथा घेत होती, मी फेकलं न्हाई, देवाची आण. तू तिला रागावला नाहीस. तू म्हणालास, "चला, उकिरडा कुठं हाय?" आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्यास. दोन दिवस. रक्ताचे बोळे, फुटक्या बाटल्या, प्लास्टरची ढेकळं. मी तुझ्या शेजारी उकिडवा बसून उकरत होतो, आणि माझ्या खिशात ते तुकडे मांडीला टोचत होते. दुसऱ्या दिवशी तुझं बोट काचेनं कापलं. मी रुमाल बांधला. तू म्हणालास, "बाळ्या, तुकडं मिळालं असतं तर मला अर्ध्या तासात कळलं असतं रं. तडा सांगतो कुठनं आला ते. आता मी काय सांगू त्या पोराला?"

तेव्हा खिशात हात घालायला हवा होता. हात गेलाही होता, रुमाल काढायला.

मी का बोललो नाही, याची कारणं मी वर्षानुवर्षं जुळवत आलो. तुला वाईट वाटेल. भीमरावच्या आईला कळेल की नाव तिनं घालायला लावलं. आप्पांचं नाव बद्दू होईल. यांतलं एकही कारण नव्हतं. मला त्या खोलीतून काढून टाकशील ही भीती होती. दुसरं काही नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला ते उलटं माहीत आहे. तू धरून चाललास की दोष पोलादात आहे किंवा तुझ्या आकारात. मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्या तर मोडत नव्हत्या. मग तू आपल्याच यंत्रावर अविश्वास दाखवलास. पायात पट्ट्या असलेल्या उरलेल्या चौघांच्या घरी तू स्वतः गेलास आणि मोडायच्या आत त्या काढून घ्या म्हणालास. तिघांनी पुन्हा पाय चिरून घेतला. काहीही बिघडलं नसताना. काढलेल्या पट्ट्या आरशासारख्या निघाल्या. तू त्या माझ्यासमोर ठेवून विचारलंस, "ह्या चांगल्या, मग ती एकच का?" मी म्हणालो, नशीब. तुझ्यासमोर मी 'नशीब' म्हणालो, आणि तू ऐकून घेतलंस.

मग तू पट्टी जाड केलीस. नडगीवर कातडीखाली ती टोचायला लागली, जखमा भरेनात, डॉक्टर परदेशी पट्टीची वाट बघायला लागले. दोन खोल्या कॉलेजनं परत घेतल्या. तू तंत्रनिकेतनात शिकवायला लागलास. संध्याकाळी तुझ्या घरच्या पडवीत आपण बसायचो. मधोमध तुझं यंत्र, मोटर काढून ठेवलेलं.

तिसऱ्या दिवशी राखेतून पट्टी मागून घेण्याची तुझी रीत त्यानंतरची. एक हरवली, आता एकही हरवू द्यायची नाही, असं तू घेतलंस. काढून न घेणारा तो चौथा म्हणजे म्हसवडचे ते म्हातारे आजोबा. वयानं गेले. तुला पत्र आलं तसा तू मला घेऊन निघालास. लोक सावडायला बसलेले, आणि तू हात जोडून उभा. त्यांचा भाऊ म्हणाला, "मानसं राखंत सोनं शोधत्यात. तुमी लोखंड मागाय आलाय व्हय?" तू म्हणालास, "सोनं तुमचं, दादा. लोखंडाचं मला उत्तर द्यायचं हाय." तो भाऊ पुढं वाकला. मग स्वतः राखेत हात घातला आणि पट्टी काढून, दुधानं धुऊन तुला दिली. परतीच्या एसटीत तू ती मांडीवर घेऊन बसलास. अखंड होती. तू खूश झाला नाहीस. प्रत्येक चांगली निघालेली पट्टी तुला त्या एकीबद्दल जास्तच छळायची.

आणि मग तुझा हात. तासगाव रस्त्यावर मोटरसायकल घसरली, कोपराखालचं हाड मोडलं. डॉक्टरांकडे परदेशी पट्टी होती. तू म्हणालास, आमची घाला. जाड नव्हे, पहिली बारीक. भीमरावची होती त्याच पोलादातली एक मी फडक्यात जपून ठेवली होती. डॉक्टर चिडले. तू पलंगावर पडल्या पडल्या म्हणालास, "मोडली तर मोडू दे की. मी इथंच हाय, पळून जात न्हाई. निदान तुकडं तरी हाताला लागतील." आणि माझ्याकडे बघून, दुखण्यातही हसून, "हात न्हवं, पाय मोडाय पायजे हुता गड्या. हातावर भारच येत न्हाई, काय सिद्ध व्हतंय?"

त्या पट्टीला मी तीन दिवस पॉलिश केलं. आम्लातून काढल्यावर नुसत्या बोटांनी धरायचीही मला भीती वाटली. तिच्यावर खूण नाही. कसलीच नाही. परवा राखेतून काढल्यावर पहिल्यांदा मी तेच बघितलं.

आम्हा जैनांत दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी असते, तुला ठाऊक आहे. वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची प्रत्येकानं प्रत्येकाकडे क्षमा मागायची. मी दरवर्षी तुझ्याकडे यायचो. हात जोडून म्हणायचो, वसंता, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. आणि तू दरवर्षी तेच म्हणायचास. "नकळतचं समदं माफ. कळत काय चुकलं, ते आदी सांग." मग इंदूवहिनी हसायच्या, चहा यायचा. सात वर्षं. दरवर्षी तू दार उघडून धरायचास आणि मी उंबऱ्यावरून चहा पिऊन परत जायचो. तुला संशय होता का? मला वाटत नाही. तू थट्टाच करत होतास. संशय असता तर तुझ्यासारख्या माणसानं सरळ विचारलं असतं.

काल रहिमतपूरला गेलो. डबी घेऊन.

तू दरवर्षी त्याच्याकडे जायचास तेव्हा मी बरोबर असायचो. तुला वाटायचं सोबत करतो. मी यायचो ते बोलणं नावाकडे वळलं तर दुसरीकडे न्यायला. कधी वळलं नाही. त्याच्या आईला वाटायचं, नाव घालणं ही रीतच असेल, त्यात बोलायचं काय. तू खाली मान घालून बसायचास. भीमरावचा पाय दीड इंच आखूड जुळला, फौजेनं घरी पाठवलं. तो पिठाची गिरणी चालवतो. तू त्याच्या गिरणीतल्या पोत्यावर बसून दरवेळी म्हणायचास, चूक माझी हाय, पर कुठली ते मला सापडंना. आणि तो म्हणायचा, "असूंद्या सायेब. माझं काय मनात न्हाई."

मी गेलो तेव्हा गिरणी चालू होती. मला बघून त्यानं पट्टा उतरवला. तुझं कळलं होतं त्याला. आई दारात जात्याच्या जुन्या पाळीवर बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नाव, माझं अक्षर, ट्रे, उकिरडा. वाटेत ठरवलं होतं की आईसमोर सांगायचं नाही. पण ती तिथंच होती आणि मी थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो.

 मग म्हातारीनं हात पुढं केला. मी नाव असलेला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. दवाखान्यात चाचपलं होतं तसं तिनं बोट फिरवलं.

"ह्ये त्येचं नाव?"

"होय, मावशी."

"आन मोडलंय कुठं?"

मी तिचं बोट धरून कडेला नेलं. "इथं. नावावर नाही मोडली. नाव तसंच आहे. माझ्या अक्षरावर मोडली. ते तुम्ही सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनानं घातलं होतं."

तिनं बोट काढलं नाही. "म्हंजे आट म्हैनं तू बी त्येच्या पायात हुतास म्हण की," ती म्हणाली. रागानं म्हणाली का, मला कळलं नाही. तिचं तिलाही कळलं नसावं.

भीमराव गिरणीच्या चाकावर हात ठेवून उभा होता. त्यानं विचारलं, "मग सायबांची पट्टी चांगली हुती?"

"चांगली होती."

"हे त्यास्नी म्हाईत हुतं?"

"नाही."

त्यानं हातावरचं पीठ झटकलं. पुन्हा झटकलं, नसलेलंही. "अण्णा, तुमच्या पायी, त्येंची चूक नसताना, मी त्यास्नी माफ केलं हुतं," तो म्हणाला. "दरसाल. आता त्यास्नी ते परत कसं करू?"

  त्यानं पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली. दळण थांबलेल्या दोन बायका दारात उभ्या होत्या. म्हातारीनं तुकडा माझ्या हातात परत दिला. कपाळाला नाही लावला.

आज सकाळी कुंडलला जाऊन इंदूवहिनींना सांगितलं. चहाचा कप हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला आणि आत गेल्या. मला वाटलं आता बाहेर येणार नाहीत. आल्या त्या तुझी नोंदवही घेऊन. निळ्या पुठ्ठ्याची, सगळ्या पट्ट्यांची. माझ्यासमोर ठेवली, एक पान उघडलं. तुझ्या सगळ्या नोंदी शाईच्या, तिरप्या, घाईच्या अक्षरातल्या. एकच ओळ पेन्सिलीची. 'भीमराव, रहिमतपूर. नडगी. आठव्या महिन्यात मोडली. कारण समजले नाही. तुकडे मिळाले नाहीत.'

वहिनी म्हणाल्या, "ही एकच पेन्सिलीनं का, विचारलं होतं मी त्यांना. म्हणाले, कवातरी खोडाय लागंल."

मग त्या पुन्हा आत गेल्या. मी पडवीत एकटा होतो. तुझं यंत्र तिथंच आहे, वर चादर टाकलेली.

वसंता, मी आता क्षमा मागत नाही. ती मी सात वर्षं थोडी थोडी करून तुझ्याकडून उचलली आहे, काही न सांगता. तुझी पट्टी, हे दोन तुकडे आणि नोंदवहीची नक्कल उद्या मुंबईला तुझ्या गुरुजींकडे जाईल. ज्या तिघांनी पाय पुन्हा चिरून घेतले त्यांच्याकडे मला स्वतः जायचं आहे, तू गेला होतास तसं. ती आयाबाई अजून त्याच दवाखान्यात आहे, तिच्याकडेही. हातावर काही सिद्ध होत नाही हे तुझं म्हणणं मी सोबतच्या पत्रात गुरुजींना कळवलंय. पण तडा सांगतो कुठून आला ते, हेही कळवलंय.

तुझी ओळ मी खोडली नाही. तुझं अक्षर आहे. तिच्याखाली शाईनं लिहिलं. तुकडे मिळाले. तडा नावात नाही, नावानंतर कोरलेल्या खुणेतून सुरू. पोलादात दोष नाही. आकारात दोष नाही. बारीक पट्टी योग्य होती.

आणि त्याखाली नाव घातलं. या वेळी एक अक्षर नाही. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. हाडाच्या बाजूला लपवून नाही, पानाच्या मधोमध, कुणीही पान उघडलं की आधी तेच दिसेल एवढं मोठं.